पट्टेवाल्याची तब्येत

आटगाव
२ नोव्हेंबर २००३

चि. प्रशांत,
ताईचा जयभीम.

पाकिटावर माझं अक्षर पाहिलं असतंस तर न फोडताच फाडलं असतंस, म्हणून पत्ता काळूकडून लिहून घेतला. मुंबईला शोभेच्या माशांच्या दुकानात तुम्ही दोघं बरोबर होतात, त्याचं कोंबडीच्या पायाचं अक्षर तू ओळखतोस. फोडलंस ना? मग आता पुरतं वाच.

फोन करणं मी सोडलं. तुझ्या चेन्नईच्या दुकानातला माणूस त्याच्या भाषेत काहीतरी ओरडतो, तू येतोस, माझा आवाज ऐकतोस आणि ठेवून देतोस. ते कॉल हॉटेलच्या बिलात दिसतात. शेखरशेठ परवा काउंटरवर येऊन म्हणाले, "संध्याबाई, चेन्नईला कोन गिऱ्हाईक गावलाय आपल्याला?" मी म्हटलं, गावलाय, पण बुकिंग करत नाही.

आईबद्दल एक अक्षर लिहायचं नाही, ही तुझी अट मला पाठ आहे. दोन वर्षं झाली त्याला. "तिचं नाव काढलंस तर ताई, तुझं पन नाव टाकीन," असं दारात उभं राहून म्हणालास आणि प्रियांकाला घेऊन गेलास. तर हे पत्र माशाबद्दल आहे.

हॉटेलातली तुझी टाकी अजून उभी आहे. तू ती बसवलीस, कॅन भरभरून समुद्राचं पाणी आणलंस, तेव्हा शहापूर तालुक्यात खारं पाणी आलं म्हणून नाशिक रोडवरच्या गाड्या थांबायच्या. आता मुंबईहून एक माणूस मनात येईल तेव्हा येतो आणि काच पुसून जातो. बाकी सगळं माझ्याकडे आहे. रिसेप्शनवर बसून टाकीशिवाय बघायला दुसरं असतं तरी काय? तुझा तो निळा-पिवळ्या पट्ट्यांचा मोठा मासा, आम्ही त्याला पट्टेवाला म्हणतो, तो वाळत चाललाय. खातो, अधाशासारखा खातो, दुसऱ्यांच्या तोंडचं ओढून घेतो, आणि तरी पोट आत गेलंय. मागून पांढरा दोरा लोंबतो, तुटतच नाही. कडा अजून झळकतात, पण मधला माणूस कमी झालाय, असं काहीतरी.

मुंबईवाला म्हणतो, "जंत." शेठ म्हणाले, त्यात काय, मुरबाडच्या गुरांच्या दवाखान्यातून शेळ्यांना पाजतात ते औषध आणू, टाकीत ओतू. बाटली येऊन काउंटरखाली पडली आहे. मी सांगितलंय की टाकी बसवणाऱ्याला विचारल्याशिवाय झाकण उघडणार नाही.

जंत. हा शब्द आपल्या घरात आता कोणी काढत नाही. तुला ठाऊक असलेलंच पुन्हा लिहिते, कारण तू तेव्हा ऐकून न घेता गेलास. प्रियांकाला मळमळायचं, अन्न जात नव्हतं, अंगाने उतरली होती. पोटात जंत असतील म्हणून गावात अशा पोरीला जे देतात तेच दिलं गेलं: पळसाच्या शेंगेतलं बी, पळसपापडी, कुटून गुळातून. घरोघरी देतात. आपल्याला दोघांनाही लहानपणी दिलेली आहे. तिला दिवस गेलेत हे देणारीला माहीत नव्हतं, तुला नव्हतं, प्रियांकालाही नव्हतं. मूल राहिलं नाही. शहापूरची डॉक्टरीण म्हणाली, "कशामुळे गेलं ते सांगता येत नाही." तू मात्र सांगून मोकळा झालास.

असो. माशाचं काय करू ते कळव. घरी सगळं ठीक आहे असं लिहिणार होते, पण खोटं लिहायची अजून सवय झालेली नाही.

तुझी ताई,
संध्या


आटगाव
२९ नोव्हेंबर २००३

चि. प्रशांत,

उत्तर आलं! दोन पानं! एकदा वर "ताई" आणि पुढे सगळं पट्टेवाल्याला. मी कशी आहे हे विचारलं नाहीस, ते बरंच केलंस. उगाच कागद वाढला असता.

शेळ्यांच्या औषधाबद्दल तू जे लिहिलंस ते शेठना मोठ्याने वाचून दाखवलं. टाकीत ओतलं असतं तर ते हात हलवणारं समुद्रफूल मेलं असतं, दगडांतले बारीक जीव मेले असते, ते सडून पाणी नासलं असतं आणि मग मासेही गेले असते. बाटली शेठच्या फार्मवरच्या शेळ्यांना गेली.

आता तुझ्या प्रश्नांची उत्तरं. खातो का? हो. दुसरे मासे त्याला मारतात का? नाही, तोच मारतो. डोक्यामागचा भाग बसलाय का? थोडा बसलाय. शी कशी? पांढरी, लांब, पोकळ वाटते. भिंगाखाली बघून ये, अंदाजाने औषध द्यायचं नाही, असं तू तीनदा अधोरेखित केलंस. अंदाजाने औषध देण्याबद्दल तू मला शिकवावंस, हे तुझ्या मनात काय असेल ते ओळखून मी गिळलं.

शहापूरला अनिकेतच्या लॅबमध्ये गेले. बसस्टॅंडमागची लॅब, आठवत असेल. पिशवीत दोन डब्या होत्या. एक पट्टेवाल्याची, नळीने ओढून घेतलेली, खाऱ्या पाण्यात. अनिकेतने विचारलं, "ताई, या डबीत काय हाय?"

"माशाची शी."

"अवो, मानसांची बघून जेवान जात नाय, त्यात आता मासली?" पण बघितली त्याने. आधी हसत बसला, मग भिंगावरून डोकं उचलेना. मला म्हणाला, "या, तुमी पन बघा." थेंबभर पाण्यात बारीक बारीक ठिपके, नुसते धावत होते, एक मिनिट थांबत नव्हते. तू लिहिलं होतंस तसेच. हे जंत नव्हेत, डोळ्यांना न दिसणारे जंतू. म्हणजे माणसांच्या हगवणीची जी गोळी केमिस्टकडे मिळते, तीच. शेळ्यांचं औषध देऊन समुद्रफूल मेलं असतं आणि हे ठिपके मजेत राहिले असते.

दुसऱ्या डबीत काही निघालं नाही. ती कोणाची ते अटीप्रमाणे लिहीत नाही. आपण त्या माणसाला "एक जण" म्हणू. अनिकेत खुशीत म्हणाला, "एकदम क्लीन ताई, काय पन नाय." मी बाहेर येऊन पायरीवर बसले. एक जणही खूप दिवसांपासून वाळतंय रे. मी सगळा रस्ता मनात म्हणत होते, जंतच निघू देत. जंत निघाले असते तर एक गोळी, आणि काम झालं असतं. माशाला रोग निघाला म्हणून बरं वाटलं आणि माणसाला निघाला नाही म्हणून वाईट, असं माझं झालं.

गोळी कशी द्यायची ते नीट कळव. थुंकून टाकतो.

ताई


आटगाव
२४ डिसेंबर २००३

चि. प्रशांत,

तुझ्या युक्तीला दाद देते. चायनाग्रास! आपण सणाला दुधात घालून वड्या करतो तेच. कोळंबी वाटली, गोळीची पूड तू सांगितलेल्या मापाने मिसळली, चायनाग्रास उकळून ओतलं, गार झाल्यावर बारीक चौकोन कापले. औषध पाण्यात सुटत नाही आणि पठ्ठ्याला चव लागत नाही. हॉटेलचा आचारी दामू मला म्हणाला, "बाय, आमच्या गिऱ्हाइकाला येवढं कोन करत नाय."

चादरी ठेवायच्या खोलीत टब लावलाय. मोठ्या टाकीचंच पाणी, खारटपणा काचेच्या नळीने मोजून. हवा सोडायचा पंप बॅटरीवर, कारण दिवे इथे कधी जातात याला धरबंध नाही. लपायला पाइपाचा तुकडा टाकलाय. पहिले काही दिवस तो पाइपात तोंड घालून बसला आणि माझ्याकडे पाठ केली. तुझी आठवण झाली.

आता ऐक. शी काळी झाली! दोरा गेला. काल काचेजवळ आला आणि बोटाकडे बघायला लागला. मी रिसेप्शनवर जाऊन सगळ्यांना सांगितलं. नाशिकची एक पार्टी चेक-इन करत होती, त्यांना कळेना ही बाई कशाबद्दल बोलते आहे.

एक जणाचं लिहिते, नाव घेत नाही. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तोंडातून नळी घालून बघितलं. जठरात गाठ आहे, पुढे पसरली आहे. आधी आणायला हवं होतं, असं म्हणाले. आधी कसं आणणार? एक जण दोन वर्षं दवाखान्याची पायरी चढलेलं नाही. त्या दिवसापासून घरातला पळसपापडीचा डबा गेला, ओव्याची पुडी गेली, डोकेदुखीची गोळीसुद्धा गेली. गावातल्या बाया पोरं घेऊन दारात यायच्या, त्यांना हात जोडून परत लावलं. दुखण्यावर काही दिलं तर तोंड फिरवतं. "माझ्या हातच्या औषदानं काय झालं तां बघितलाव मी. आता कोनाच्या हातचां मला नको." एवढंच बोलतं. शिक्षा भोगणं चाललंय. तू दिलेली नाहीस, पण तुझ्याच नावाने चालली आहे.

मी ओरडते, भांडते. डॉक्टरांनी दुखणं दाबायच्या गोळ्या दिल्यात, त्या उशाखाली सापडतात. माशाला फसवता येतं, माणसाला नाही.

रागावू नकोस. पट्टेवाल्याबद्दल काय ते लिही.

ताई


आटगाव
१७ जानेवारी २००४

चि. प्रशांत,

"मासा बरा झाला. पुन्हा काही झालं तरच लिही." केवढं हे पत्र! कार्डाला पैसे पडतात, त्याच्यावर जागा सोडू नये एवढं तरी शिकवलं होतं तुला.

तर पुन्हा झालंय. पट्टेवाला बिघडला.

या वेळी वेगळं आहे, म्हणून नीट वाच. पूर्वी खायचा आणि वाळायचा, आता खातच नाही. समोर धरलं की घास बघतो, तोंड जवळ नेतो आणि वळवतो, जणू आपल्यालाच लाज वाटते आहे. एका कुशीवर राहतो. दुसऱ्या कुशीवर वळवलं तर कण्हतो. मासे कण्हत नाहीत हे मला माहीत आहे. तसं वाटतं एवढंच. पाठीचा कणा हाताला लागतो. डोळे मात्र लख्ख आहेत, दार वाजलं की तिकडे जातात.

गोळीची चायनाग्रासची वडी आता घेतो. आधी घेत नव्हता. का घ्यायला लागला ते कधीतरी सांगेन, त्यात तुझा हात आहे. वडीत मी थोडी साखर आणि वेलची घालते. माशाला साखर कशाला, असं विचारू नकोस.

म्हशाच्या जत्रेला गेले होते, मुरबाडची एसटी धरून. बैलबाजार बघायला नव्हे, घोंगडी आणायला. जाड आणली, काळी. थंडी फार आहे आणि टबाला थंडी लागते. जत्रेत प्रियांकाचे वडील दिसले, धाऊकाका. बैलाच्या शिंगावरून हात फिरवत उभे होते. लग्नानंतर आपल्या दारात ते कधी आले नाहीत, आणि आपल्याकडे तर पोरीला नवं लुगडं नेसवून, ओटी भरून घेतलं होतं. "तुला माहेर नाय ना, मग मी हाय," असं कोणीतरी तिला म्हणालं होतं. कोण ते तुला आठवतं. धाऊकाकांनी मला बघितलं आणि विचारलं, "पोरगी बरी हाय ना?" मी म्हटलं, बरी आहे. मला काय माहीत बरी आहे की नाही? तू कधी लिहितोस?

माशाला बरं करायचं काही उरलंय का ते लिही. आणि पत्र जरा मोठं लिही. शब्द मोजू नकोस. एक-दोन ओळींनी भागत नाही इथे कोणाचं.

ताई


आटगाव
१२ फेब्रुवारी २००४

चि. प्रशांत,

पत्र मिळालं. मोठं लिहिलंस, बरं वाटलं.

पोट फुगलंय का, विचारलंस. हो, फुगलंय. पाणी भरलंय असं डॉक्टर म्हणाले, म्हणजे मुंबईवाला म्हणाला. बाकी अंग काडी झालंय. खवले उभे राहिलेत का, ते सांगता येत नाही. पिवळसर रंग आलाय डोळ्यांत. चमच्याने पाणी देते.

चमच्याने म्हणजे तुला कळलं असेल कसं ते.

तू लिहिलंस की पोटाच्या आत काही वाढलं असेल तर औषध पोचत नाही, उगीच हाल होतात. मग काय करायचं? तुमच्या धंद्यात अशा वेळी काय करतात? त्याला कितपत दुखत असेल? भूक लागत असेल का? मी समोर जेवले तर त्याला वाईट वाटेल का? मी सध्या पडवीत बसून जेवते. हे सगळं विचारायला मला दुसरं कोणी नाही. डॉक्टर घाईत असतात, शेठ सुट्टी देतात आणि वर बघत नाहीत, शेजारची भिमी येते आणि माझ्याआधी रडायला लागते.

एकदा येऊन बघून जाशील का? माशाला. चेन्नईची गाडी कल्याणला थांबते, पुढचं तुला सांगायला नको. स्टेशनवरून चालत आलास तर वाटेत कोणाशी बोलावं लागणार नाही, मी दार उघडं ठेवीन. घरात यायचं नसेल तर अंगणात उभा राहा. तेवढ्यानेही फरक पडेल. मासे माणूस ओळखतात, असं तूच म्हणायचास. पायाच्या आवाजाने वर येतात म्हणायचास.

लवकर ये. नाही जमलं तर लवकर लिही.

ताई


आटगाव
४ मार्च २००४

प्रशांत,

आई गेली. परवा सकाळी.

अट मोडते. आता मोडली तरी तुझं काही बिघडत नाही.

पट्टेवाला ठणठणीत आहे. डिसेंबरातच बरा झाला, नाताळाच्या गर्दीत मोठ्या टाकीत परत सोडला. समुद्रफुलाच्या भोवती दादागिरी करतो. जानेवारीपासून मी तुला जे लिहिलं त्यात माशाचं एक अक्षर नव्हतं. कुशीवर निजायची ती आई. चायनाग्रासची वडी खायची ती आई. घोंगडी तिच्यासाठी होती. मासा बरा झाला असं कळवलं आणि तू पत्र बंद केलंस, म्हणून मी मासा आजारी पाडला. दुसरा कुठला रस्ता मला सुचला नाही.

आता पुढचं ऐक, हे जास्त महत्त्वाचं आहे. तुझी पत्रं मी तिला वाचून दाखवत होते.

ठरवून सुरू झालं नाही ते. तुझं पहिलं उत्तर आलं तेव्हा पाकीट माझ्या हातात बघून तिने विचारलं, "प्रशांतचां पतर गो? काय लिवलाय?" मी पान उघडलं. वरच लिहिलं होतंस, "खातो का? खाऊन वाळतो की न खाता?" माझ्या तोंडून आलं, "विचारतोय, खाते का? खाऊन वाळते की न खाता?" आई भिंतीला टेकून बसली होती, ती सरळ झाली. म्हणाली, "अजून काय म्हनतो?" मग मी मासा गाळून सगळं वाचलं. पोट आत गेलंय का. कोपऱ्यात बसते का. दुसऱ्यांचा त्रास होतो का. अंदाजाने औषध द्यायचं नाही, आधी तपासून आण. "तपासायला सांगितलाय त्यानं?" तिने दोनदा विचारलं. आणि दुसऱ्या दिवशी ती डबी तिने आपण होऊन माझ्या हातात दिली. लॅबमधली दुसरी डबी अशी आली होती. मुंबईला यायलाही ती तुझ्याच नावावर तयार झाली.

गोळ्या मात्र घेत नव्हती. मग तुझं चायनाग्रासचं पत्र काढलं आणि पुन्हा वाचलं, की औषध कडू लागतं म्हणून वडीत घालून दे, हळूहळू दे, जबरदस्ती करू नकोस. तिने वडी हातात घेऊन उलटीपालटी केली. "पोरानं सांगितलाय तर खाते," म्हणाली. त्या दिवसापासून दुखणं आवरलं. झोप लागायला लागली. तुझ्या मापाने नव्हे, डॉक्टरांच्या मापाने देत होते, घाबरू नकोस.

तू तिच्याशी एक शब्द बोलला नाहीस, आणि शेवटपर्यंत तिचं औषधपाणी तूच केलंस. हे तुला सांगून मी उपकार करते आहे की सूड घेते आहे, मला खरंच कळत नाही. दोन्ही असेल. मला तुझा फार राग आलेला आहे प्रशांत, आणि तुझ्याशिवाय हे सांगायला मला कोणी नाही.

तुझं शेवटचं पत्र सव्वीस तारखेला आलं. "आता औषध बंद कर. उजेड कमी कर. पाणी हलवू नकोस. एकटं सोडू नकोस, जवळ बसून राहा." माशासाठी तुमच्यात असं लिहीत असतील, मला ठाऊक नाही. मी ते वाचलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की तुला कळलंय. कधीपासून? कण्हतो लिहिलं तेव्हापासून? चमच्यापासून? कळलं होतं तर आला का नाहीस, हे मी विचारणार होते. आता विचारत नाही, तूच विचारत असशील स्वतःला.

तसंच केलं सगळं. खिडकीला लुगडं बांधलं. कोणाला मोठ्याने बोलू दिलं नाही. जवळ बसून राहिले.

त्या पत्राच्या खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात एक ओळ होती. "प्रियांकाला सातवा चालू आहे. बरी आहे." तुझ्या सगळ्या पत्रांतली ही एकच ओळ मी काही न बदलता वाचली. आईला तेव्हा बोलवत नव्हतं. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. पुन्हा वाचली. तिने हात वर केला, म्हणजे ऐकलं, पुरे. मग बराच वेळ डोळ्यांतून पाणी येत राहिलं, आणि ते पुसू दिलं नाही.

परवा तुझ्या दुकानावर फोन आला होता तो माझाच. "हॅलो" म्हणालास. मी "प्रशांत" म्हणाले आणि तू ठेवलास. रागाने ठेवला असशील तर मला काही म्हणायचं नाही. पण ठेवायच्या आधी तू थांबला होतास, मी तुझा श्वास ऐकला. तुला भीती वाटली. लहानपणी डॉक्टरच्या दारात वाटायची तशी. मी पुन्हा लावला नाही. गावातल्या लोकांनी नेलं, वाळूमामा पुढे होते. वाटेवर पळस फुललाय दोन्ही बाजूंनी, कोणी त्याच्याकडे बघितलं नाही.

आईच्या पुण्यानुमोदनाचा विधी रविवारी आहे. तोवर हे पत्र तुला मिळणार नाही. मिळालं तरी प्रियांकाला अशा दिवसांत गाडीत बसवू नकोस, आणि तिला एकटीला सोडूनही येऊ नकोस. जवळ बसून राहा.

आईचा निरोप द्यायचा आहे. तो तुला नाही, प्रियांकाला आहे. जायच्या आदल्या दिवशी थोडं थोडं थांबत सांगितला आणि माझ्याकडून परत म्हणून घेतला, चुकू नये म्हणून. तिला जसाच्या तसा वाचून दाखव. त्यातलं काही गाळू नकोस, बदलू नकोस, ते काम मी करून चुकले आहे.

"प्रियांकाला म्हनावं, कोनी काय पन खायाला दिलां ना गो, तर आधी इचार, काय हाय, कशाचां हाय. मला नाय इचारलंस तू. तुला वाटलां, आई देते."

तुझी ताई,
संध्या